न शिवलेला कावळा

गोदावरीने स्वच्छ फडकं पाण्यात बुडवलं आणि ते मळलेलं असावं तसं दगडावर घासायला घेतलं. मागच्या पडवीला लागून, सांडपाण्यावर माजलेल्या अळवाच्या आड ही धुण्याची जागा होती. फडक्याच्या मधोमध तिने हिरव्या सुपारीचा रस चोळला होता. तो आधी तांबूस दिसतो, आणि धुतला की फिकट, तपकिरी, जुना वाटावा असा डाग मागे राहतो. तो तसाच राहिला होता. तिने फडकं पिळलं, कुंपणाच्या काठीवर पसरलं आणि रीतीप्रमाणे त्यावर एक जुनेर टाकलं. एक कोपरा मात्र तिने बाहेर दिसेल असा ठेवला.

अंगणात आई आणि सुपारीच्या वाडीत कामाला येणारी जनी सुपाऱ्या सोलत होत्या. सोललेल्या सुपारीचा टोपलीत पडल्याचा टक टक आवाज सकाळपासून चालला होता.

"गोदू, पान वाढून ठेवलंय पडवीत," आईने तिथूनच सांगितलं. "रिकाम्या पोटी शाळेत जाऊ नको."

"ताय, तुमचा कावला लय येलेवर हाय," जनी मान वर न करता म्हणाली. "आमच्या सुनेचा बगा. कवा येतो, कवा न्हाय."

"जने, हात चालव," आई म्हणाली.

जनी हसली. गोदू हसली नाही. तिने ओले हात पदराला पुसले, आणि पदर पोटावर जरा जास्त वेळ धरून ठेवला.

कालपासून गोदूला कावळा शिवला होता, असं घरात धरलं होतं. लहानपणी तिने आईला विचारलं होतं, तुला शिवतो तो कावळा मला कसा दिसत नाही? आई म्हणाली होती, तो दिसत नाही, नुसता शिवून जातो. त्यानंतर आई महिन्याचे चार दिवस पडवीत पोतं टाकून बसली की छोटी गोदू वासे न्याहाळत राहायची. आता पंचवीस वर्षांची, लग्न झालेली, श्रीवर्धनातल्याच मुलींच्या शाळेत तिसरीला शिकवणारी गोदू त्याच पडवीत, तसल्याच पोत्यावर बसत होती. आणि दोन महिने झाले, तिला कावळा शिवलाच नव्हता.

खरं सांगून तिने दोनदा पाहिलं होतं. पहिल्या वेळी दिवस चुकल्याला आठवडा होतो न होतो तोच तिने आईच्या कानात सांगितलं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि शेजारच्या द्वारकाकाकूंना सांगितलं, द्वारकाकाकूंनी साऱ्या आळीला. तिसरा महिना सरत होता. शाळा तपासायला साहेब यायचे होते, घंटा झालेली ऐकू आली आणि गोदू धावली. वळणापासून शाळेच्या पायरीपर्यंतच, पण धावली. त्याच संध्याकाळी न्हाणीत सगळं संपलं. दुसऱ्या वेळी ती धावली नाही, कळशीला हात लावला नाही, जिन्याची पायरीसुद्धा मोजून उतरली. तरी ते राहिलं नाही. तेव्हा विचारायला आलेल्या प्रत्येक बाईला आईनेच उत्तर दिलं होतं, आणि आत येऊन प्रत्येक वेळी पाणी पिऊन घेतलं होतं.

हेडमास्तरांनी तिला बोलावून अगदी समजुतीने सांगितलं होतं की तुमची नेमणूक हंगामी आहे. आणखी एकदा अशी रजा मागितलीत तर मला वर लिहावं लागेल. घरी बसण्यात कमीपणा नाही, बाई. आईचंही तेच म्हणणं होतं. रघुनाथ, गोदूचा नवरा, मुंबईला गोदीतल्या कचेरीत कारकून होता. चौघांबरोबर एका खोलीत राहायचा, महिन्या दोन महिन्यांनी बोटीने यायचा. तो काही म्हणत नसे. त्यालाही तिने या वेळी लिहिलं नव्हतं. लिहिलं की शब्द झाला, आणि शब्द झाला की तो कुणाच्या तरी कानावर जाणारच. आपण हे बोललो नाही तर ते राहील, असं तिला वाटायला लागलं होतं. तिने बरीच पुस्तकं वाचली होती, हा अडाणीपणा आहे हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग नव्हता.

म्हणून चुकलेली तारीख आली की ती पडवीत जाऊन बसायची. त्यात सोयही होती. बाहेरच्या बाईला विहिरीला शिवायचं नसतं, जात्याला नाही, चुलीला नाही. चार दिवस पाठ टेकायला मिळायची.

पडवीत पानावर भात नव्हता. मऊ पेज होती, मेतकूट होतं आणि लिंबाच्या लोणच्याची फोड. गोदू क्षणभर पानाकडे बघत राहिली. मागे दोनदा, सकाळी अन्न पोटात ठरत नसे तेव्हा आई तिला हेच द्यायची. आज तांदूळ जरा कमी असतील, असं तिने मनाला सांगितलं आणि पेज संपवली.

शाळेची वाट कोळीवाड्यावरून जायची. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या दिसायच्या आधीच तिने आवळकाठीचा तुकडा गालात धरला आणि श्वास रोखून ती मोजत चालली. एकशे दहा पावलांवर वास संपतो, हे तिला आता माहीत होतं. शाळेत शिवाशीव नव्हती. तिथे ती नुसती बाई होती, आणि पस्तीस मुलींच्या थुंकीने पुसलेल्या पाट्यांचा वास घेत तिला उभं राहावं लागायचं. कवायतीच्या तासाला तिने उड्यांचे प्रकार गाळले आणि सावकाश हात वर खाली करायचे तेवढे घेतले. एक मुलगी म्हणाली, बाई, उड्या राहिल्या. गोदू म्हणाली, उड्या उद्या. दर तासाला ती शाळेमागच्या आडोशाला जाऊन यायची, कपडा बघायची आणि काही नाही हे दिसल्यावर भिंतीला हात टेकून उभी राहायची. मग परत येऊन पाढे म्हणून घ्यायची.

संध्याकाळी ती पोत्यावर बसून वह्या तपासत होती. शेजारी लाल शाईची दौत होती. आई तेलाची वाटी घेऊन मागच्या दारात आली. वाटी लांबवर ठेवून ती म्हणेल, लावून घे, असं गोदूला वाटलं. बाहेरच्या बाईच्या पदराचा वारा लागला तरी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेणारी ही आई. पण ती सरळ पडवीत उतरली, गोदूच्या मागे बसली आणि तेलाने भरलेला तळवा तिने गोदूच्या टाळूवर ठेवला.

गोदूचं अंग आकसलं.

"आई, शिवलीस मला."

"होय का?" आई म्हणाली. "विसरलेच गो."

हात मात्र तिने काढला नाही. सुपारी सोलून सोलून काळी तपकिरी झालेली ती बोटं केसांतून सावकाश फिरत राहिली. आई बोलत होती ते साधंच होतं. यंदा सुपारी चांगली उतरली आहे, गोदूचा भाऊ मार्तंड म्हसळ्याहून रविवारी येईन म्हणालाय, द्वारकाकाकूंच्या गाईला दिवस भरत आलेत. गोदू वहीत डोकं घालून हूं हूं करत होती. दोनदा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला आणि दोनदा तिने तो गिळला.

मग आई उठली, गुडघ्यावर हात देऊन, आणि पायही न धुता आत गेली. देवघरात काडी ओढल्याचा आवाज आला. गोदूने लेखणी थांबवली. आता आई विहिरीवर जाईल, रहाट वाजेल, मग अंगावर पाणी पडल्याचं ऐकू येईल. ती वाट बघत राहिली. दिवा लागला, शुभंकरोती झाली, मांडी घालताना आई कण्हली तेही ऐकू आलं. रहाट वाजला नाही.

गोदूला भीती वाटली. आईला विसर पडायला लागला की काय? गेल्या महिन्यातही ती म्हणाली होती, या वेळी पाच दिवस धर, थकलेली दिसतेस. चाराचे पाच कधी कुणी केलेत? गोदूने ठरवलं, हे चार दिवस सरले की सोमवारी आईला सगळं सांगायचं. मोठ्याने नाही, कानात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी जनी शाळेच्या दारात उभी होती. तिच्या हातात अजून सुपारी सोलायची सुरी होती.

"काकू पडल्या, तुमची आय," ती म्हणाली. "चला ताय, बिगी बिगी चला."

गोदूने खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. हेडमास्तरांना तिने काय सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही. रस्त्यावर आल्यावर जनी धावायला लागली. वीस पावलांवर थांबून तिने मागे बघितलं. गोदू चालत होती. झपझप, पण चालत होती. जनी पुन्हा धावली, पुन्हा थांबली. गोदूने दोन्ही हात पोटाशी धरले होते आणि तिचे ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती. एवढंच वळण, मग वाळूचा रस्ता, मग वाडीचं फाटक. एकदा तिचे पाय आपोआप धावायला उचलले गेले. तिने ते आवरले. जनी मग तिच्या जोडीने चालायला लागली.

माजघरात आळीतल्या पाच सहा बायका होत्या. डॉक्टर येऊन गेले होते, आता हाती काही नाही असं सांगून. चटईवर आई होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. गोदू मागच्या दाराने आली, पडवीतून पायरी चढली आणि उंबऱ्याशी पोचली, तशी द्वारकाकाकूंनी हात आडवा केला.

"गोदू, तिथेच थांब. तिसरा दिवस ना तुझा?"

गोदूने दाराची चौकट धरली.

एक वाक्य बोलायचं होतं. मला काही शिवलेलं नाही. ते बोलली असती तर मग काय आहे, हेही बोलावं लागलं असतं, या इतक्या बायकांसमोर, भरल्या घरात मरण आलेलं असताना. आणि बोललं तरी पोटुशी बाईला मरणाऱ्याजवळ कोण बसू देतं? दोन्ही शब्दांनी ती उंबऱ्याबाहेरच राहणार होती. पण तिच्या मनात हे असं नीट मांडून आलं नव्हतं. तिथे नुसती भीती होती, न्हाणीतल्या त्या दोन संध्याकाळींची, आणि तिने जीभ टाळूला चिकटवून ठेवली होती.

आईने डोळे दाराकडे वळवले. चांगला असलेला हात तिने चटईवरून थोडा उचलला, गोदूकडे केला आणि तळवा खाली करून दोनदा हलवला. मग तो खाली पडला.

द्वारकाकाकूंनी गंगेचं पाणी तोंडात घातलं. ते आत गेलं की नाही, हे दारातून दिसलं नाही.

"बघितलंत?" थोड्या वेळाने एक बाई डोळे पुसत म्हणाली. "नीराकाकूंचं सोवळं जाताना सुद्धा सुटलं नाही. पोटच्या पोरीला हाताने लांब राहा म्हणून सांगितलं."

दुपारी मार्तंड म्हसळ्याहून आला. आईला नेलं तेव्हा गोदू पडवीतच होती. तिच्या पोत्यावर, वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी, तेलाची वाटी कालची तशीच पडलेली होती.

लग्न झालेल्या मुलीला आईचं सुतक तीन दिवसांचं. कावळ्याचे उरलेले दिवस त्यातच सरले. चौथ्या दिवशी ती न्हाली, पाचव्या दिवशी शाळेत गेली. मार्तंड म्हणाला, इतक्यात कशाला? ती म्हणाली, रजा नाही. आळीत नीराकाकूंच्या सोवळ्याची गोष्ट पसरली होती. वाटेत बायका थांबवून तिला ती पुन्हा सांगायच्या, सांत्वन म्हणून, आणि गोदू मान हलवायची. आईने मला लांब केलं, हे तिने ऐकून ऐकून पाठ केलं होतं. तिला ते पटलंही होतं. खोटा विटाळ धरला, त्याचं फळ खऱ्या विटाळासारखंच मिळालं.

सातव्या दिवशी वर्गात तिला साडीच्या निऱ्यांवर लाल ठिपका दिसला. मुली कविता म्हणत होत्या. गोदू खुर्चीवर बसली आणि उठलीच नाही. कविता संपली, मुलींनी ती पुन्हा म्हटली, तिसऱ्यांदा म्हटली, आणि बाई थांबवत नाहीत म्हणून त्या आपसात बघायला लागल्या. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तेव्हा तिने ठिपक्याला बोट लावून बघितलं. शाई होती. वह्यांवरची लाल शाई. ती टेबलावर डोकं टेकून इतकी हलकी, इतकी बिनआवाजाची रडली की दारात आलेल्या हेडमास्तरांना वाटलं, आईची आठवण आली असावी. ते पाय न वाजवता परत गेले. त्यांचा तर्क चुकलाही नव्हता.

दहाव्या दिवशी रघुनाथ बोटीने आला होता. वाडी जिथे संपते तिथून पुढे वाळूची पुळण होती, आणि पुळणीच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी, आळीचे भटजी भाऊ उपाध्ये मार्तंडला घेऊन बसले होते. पिंड मांडले होते. बायकांनी तिथे जायची रीत नव्हती. गोदू, द्वारकाकाकू आणि जनी वाडीच्या कुंपणाशी उभ्या होत्या.

सुरूंच्या झाडांवर कावळे होते. वीस असतील, तीस असतील. एकही खाली उतरत नव्हता.

माणसं पिंडापासून दूर सरकली, पाठमोरी उभी राहिली, पुन्हा वळली. ऊन चढत चाललं. मार्तंडने हात जोडले, आणि वाऱ्यावर त्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. आई, वाडी विकणार नाही. कावळे बसून होते. आई, गोदूला अंतर देणार नाही. एक कावळा या फांदीवरून त्या फांदीवर गेला. रघुनाथने पुढे होऊन, सासूशी बोलताना बोलायचा तसंच अदबीने, सांगितलं की वर्षाच्या आत मुंबईला स्वतंत्र खोली घेतो. काही नाही.

"तिचा जीव कशात अडकलाय ते मला विचारा," द्वारकाकाकू म्हणाल्या, आणि कुंपणावरूनच त्यांनी हाक दिली. "मार्तंडा, गोदूच्या नोकरीचं बोल."

मार्तंडने एकदा कुंपणाकडे पाहिलं. गोदू कावळ्यांकडे बघत होती.

"आई, गोदूची शाळा सोडवतो," तो म्हणाला.

दोन कावळे उडाले आणि लांबच्या सुरूवर जाऊन बसले.

"त्ये बी न्हाय," जनी पुटपुटली.

भाऊंनी सूर्याकडे बघितलं. आणखी थोडा वेळ बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू, असं ते म्हणाले असावेत, कारण मार्तंडने मान हलवली आणि तो खाली बसला. त्याचं तुळतुळीत केलेलं डोकं फार लहान दिसत होतं. द्वारकाकाकू उन्हाला कंटाळून घराकडे सावलीला गेल्या.

जनी कुंपणापाशी खाली बसली. जरा वेळाने ती म्हणाली, "ताय, तुमचं फडकं अजून तितंच हाय. काडलं न्हाय कुनी."

गोदूने मागे वळून पाहिलं. पडवीमागच्या काठीवरचं जुनेर वाऱ्याने उडून गेलं होतं. खालचं फडकं उन्हात कडक झालं होतं, आणि मधोमध तो तपकिरी डाग.

"डाग बी गेला न्हाय," जनी म्हणाली. "जायाचा न्हाय. रगताचा डाग थंड पान्यात जातो. सुपारीचा जल्मभर ऱ्हातो." तिने आपले दोन्ही हात पुढे करून बोटं दाखवली. "काकूंची बी अशीच व्हती. त्यांला कळाया कितीसा येल लागतोय?"

गोदू तिच्या बोटांकडे बघत राहिली.

"कधी?" तिने विचारलं.

"गेल्या म्हयन्यातच. काठीशी गेल्या, कोपरा हातात घेतला, बगितला. मंग मला म्हनल्या, जने, गोदूला पाच दिस पानी काढू द्याचं न्हाय. आन् तुला काय दिसलं तर तुला दिसलं न्हाय." जनीने नाक ओढलं. "मला कुटं काय दिसलंय?"

समुद्राचा आवाज येत होता. गोदूला पेजेचं पान आठवलं. टाळूवरचा तळवा आठवला, आणि मग तो न वाजलेला रहाट. दारातून दिसलेला तो हात तिने मनात पुन्हा उचलला. तळवा खाली, दोनदा. लहानपणी ताप आला की ती अंथरुणावरून उठू बघायची, तेव्हा आई चुलीपाशी बसूनच असाच हात हलवायची. बस. हलू नको.

तिने कुंपणाचं फाटक उघडलं.

"ताय," जनी म्हणाली, आणि बाजूला सरली.

पुळणीत पाय रुतत होते. गोदू सावकाश चालली, एकेक पाऊल नीट ठेवत. या वेळी तिने पावलं मोजली नाहीत. माणसांचं बोलणं थांबलं. भाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, गोदू, तू इथे कशाला? रघुनाथ दोन पावलं पुढे आला आणि तिचा चेहरा बघून थांबला. ती पिंडापासून हातभर अंतरावर उभी राहिली. न्हाणीतल्या फरशीचा गारवा तिला या उन्हात तळपायांना लागत होता, आणि तरी तिने हात पोटावरून काढून बाजूला सोडले.

"आई, मला कावळा शिवला नव्हता," ती म्हणाली.

मार्तंडला ते अर्धवटच ऐकू आलं. तो जोडलेल्या हातांवरून मान न उचलता म्हणाला, "शिवेल गो. थांब जरा."

गोदूने श्वास घेतला. मग ती मोठ्याने बोलली, जमलेल्या माणसांना, मागे कुंपणाशी परत आलेल्या द्वारकाकाकूंना, सुरूवरच्या कावळ्यांनाही ऐकू जाईल अशी.

"आई, मला दिवस गेलेत. तिसरा महिना लागलाय. म्हणून मी त्या दिवशी धावले नाही."